९७ नंबरचं चित्र

१५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये एक प्रदर्शन उघडलं. त्याच्या कॅटलॉगमध्ये ९८ नंबरला बंदरातला एक धुकट सूर्योदय होता. त्या चित्राच्या नावावरून अख्ख्या चळवळीचं 'इम्प्रेशनिझम' असं बारसं झालं. पुढे ते इतकं गाजलं की कॅलेंडर, कप, उशांचे अभ्रे, काही म्हणता काही सुटलं नाही. मला बोलायचंय ते त्याच्या अलीकडच्या नंबरबद्दल. ९७. चित्रकार तोच, क्लोद मोने. चित्राला नावही वेगळं दिलेलं नाही, रस्त्याचंच नाव ठेवलंय: 'बुलव्हार दे कापुसीन'. वरून, गॅलरीतून पाहिलेली त्या रस्त्यावरची गर्दी.

मी वर्तमानपत्रात फोटोग्राफर होते. गर्दी हा माझ्या पोटापाण्याचाच विषय. मोर्चे, सभा, मिरवणुका, रांगा. त्यामुळे चित्रांच्या म्युझियममध्ये गेले की इतरांचे डोळे फुलं, बायका, सूर्यास्त शोधतात आणि माझे डोळे रस्त्यावरची माणसं शोधतात. या धंद्यात गर्दीचा फोटो दोनच तऱ्हांनी निघतो. एक खालून काढायचा, त्यात चेहरा लागतो: ओरडणारा, रडणारा, घामाघूम. दुसरा वरून, त्यात आकडा दिसतो. संपादकांना दोन्ही हवे असतात, छापून येतो एकच. वरचा फोटो मिळवायचा तर समोरच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी हातापाया पडून गच्ची नाहीतर गॅलरी मिळवावी लागते. बाई असल्यामुळे मला ती लवकर मिळायची, आणि खरं सांगायचं तर बाई असल्यामुळे मला ती जास्त हवीही असायची. खाली गर्दीत कोपरं लागतात, आणि नुसती कोपरंच लागत नाहीत.

तर, मोनेला गॅलरी कुणी दिली?

नादारने. खरं नाव गास्पार-फेलिक्स तुर्नाशों, धंद्यातलं नाव नादार. पॅरिसचा त्या काळातला सगळ्यात नावाजलेला फोटोग्राफर. बुलव्हार दे कापुसीनवर ३५ नंबरच्या इमारतीत वरच्या मजल्यांवर त्याचा स्टुडिओ होता आणि दर्शनी भागावर त्याची सही रात्री गॅसच्या दिव्यांनी उजळायची. जाहिरात म्हणजे काय हे त्या माणसाला बरोबर कळलेलं होतं, पैशांचा हिशोब मात्र कधीच जमला नाही. स्टुडिओचा खर्च झेपेना म्हणून तो दुसरीकडे गेला आणि इथली जागा रिकामी राहिली. मोने, पिसारो, रन्वार, देगा, बर्थ मोरिझो आणि बाकीचे मिळून ३० जण सरकारी प्रदर्शनाच्या निवड समितीला कंटाळले होते. त्यांनी आपली सहकारी मंडळी स्थापन केली आणि याच जागेत प्रदर्शन लावलं. प्रवेश १ फ्रँक, कॅटलॉग ५० सांतीम. सकाळी १० ते ६ आणि रात्री ८ ते १०. एका महिन्यात साडेतीन हजारांच्या आसपास लोक आले. त्यातले बरेच हसायला आले होते.

म्हणजे बघा, ज्या इमारतीतून काढलं त्याच इमारतीत ते चित्र भिंतीवर लागलं होतं. खिडकीतून खाली पाहिलं की बुलव्हार दे कापुसीन, मान वळवली की भिंतीवरही बुलव्हार दे कापुसीन. ताडून बघायला एवढी सोयीची जागा दुसऱ्या कुठल्या चित्राला मिळाली असेल असं वाटत नाही. आणि लोकांनी ताडून पाहिलंही.

'ल शारिव्हारी' या विनोदी पत्रात लुई लरुआ याने २५ एप्रिलला या प्रदर्शनाची खिल्ली उडवणारा लेख लिहिला. त्यात त्याने एक काल्पनिक म्हातारा चित्रकार उभा केलाय. पदकं मिळवलेला, जुन्या शिस्तीत वाढलेला. लेखकाबरोबर तो दालनातून फिरतो आणि प्रत्येक चित्रापुढे त्याचं डोकं थोडं थोडं सरकत जातं. ९७ नंबरपुढे येऊन तो विचारतो, चित्राच्या खालच्या भागात हे जिभेने चाटल्यासारखे असंख्य काळे डाग कसले? लेखक सांगतो, ती रस्त्याने चालणारी माणसं आहेत. म्हातारा उखडतो: म्हणजे या रस्त्यावरून चालताना मी असा दिसतो? माझी थट्टा चालवलीय का? मग तो म्हणतो, कारंज्याच्या दगडावर ग्रॅनाइटचा भास आणायला रंगारी जसे फटाफट रंग उडवतात तसंच हे काम आहे.

हा लेख सगळे लरुआची फजिती म्हणून सांगतात. बघा, कसा टीकाकार होता, काही कळलं नाही बिचाऱ्याला, वगैरे. मला तसं वाटत नाही. म्हाताऱ्याच्या तोंडी घातलेला प्रश्न अगदी नेमका आहे. तो 'चित्र वाईट काढलंय' म्हणून थांबत नाही, 'मी असा दिसतो का' असं विचारतो. पदकं मिळवलेल्या, ओळखीच्या माणसांनी रस्त्यात टोपी काढून ज्याला अभिवादन करावं अशा माणसाला कुणीतरी तिसऱ्या मजल्यावरून पाहिलं आणि त्याचा एक काळा फटकारा झाला. अपमान झाला तो इथे. रंग कसाही लावला असता तरी तो झालाच असता.

त्याच्या उत्तरासाठी मी चित्राच्या जवळ गेले. मोनेने हा रस्ता दोनदा रंगवला आणि दोन्ही चित्रं आज आहेत. एक आडवं, मॉस्कोच्या पुश्किन म्युझियममध्ये. दुसरं उभं, अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स म्युझियममध्ये, साधारण ८० बाय ६० सेंटिमीटरचं. मी पाहिलंय ते उभं. तिथे प्रवेश फुकट आहे, आणि त्या दिवशी खोलीत मी आणि पहाऱ्यावरचा माणूस एवढेच होतो, त्यामुळे हवं तितकं रेंगाळता आलं.

हिवाळा आहे. आकाश मळकट पांढरं, जमीन निळसर पांढरी. डावीकडे समोरच्या बाजूच्या उंच इमारती, त्यातलंच ग्राँ ओतेल, १८६२ मध्ये उघडलेलं अवाढव्य हॉटेल. त्यांच्यापुढे झाडांची रांग. पानं गेलेली, फांद्यांचं जाळं तांबूस आणि इतकं झिरझिरीत की मागची इमारत त्यातून गाळून आल्यासारखी दिसते. मधल्या रस्त्यावर घोडागाड्या. आणि खाली, उजवीकडे पसरत गेलेली माणसं.

हातभर अंतरावरून एक माणूस म्हणजे काय? एक उभा फटकारा, काळपट निळ्या-करड्या रंगाचा. कधी त्याला खाली दोन टोकं फुटलेली, म्हणजे पाय. कधी खालचा भाग रुंद, म्हणजे घोळदार झगा, म्हणजे बाई. क्वचित वर एक फिकट ठिपका, तो चेहरा असावा. एका जीवाला फार तर दोन-तीन वेळा ब्रश टेकलाय. आणि तरी कोण कुठल्या दिशेला निघालंय, कोण थांबलंय, कुणाचं कुणाशी बोलणं चाललंय हे कळतं. माझ्या मते ते फटकाऱ्यांमुळे कळत नाही, मधल्या रिकाम्या जागांमुळे कळतं. चालणारा माणूस पुढे थोडी जागा सोडून चालतो. बोलणारी दोघं ती जागा मिटवतात. गर्दीचे फोटो वर्षानुवर्षं बघितल्यावर या मोकळ्या जागा आपोआप वाचता येऊ लागतात, आणि त्या मोनेने इतक्या अचूक ठेवल्यात की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, या माणसाने गच्चीत पुष्कळ वेळ काढलाय.

उजव्या बाजूला त्या काळपट रंगात एक गुलाबी पुंजका आहे. फुगेवाला. नादार स्वतः फुग्यांचा वेडा. १८५८ मध्ये त्याने बलूनमधून जमिनीचा फोटो काढला, हवेतून घेतलेला जगातला पहिला. १८७०-७१ च्या प्रशियाशी झालेल्या युद्धात वेढा पडून पॅरिस चहूबाजूंनी तुटलं, तेव्हा शहरातली पत्रं बलूनने बाहेर जात होती आणि त्या खटाटोपात नादार पुढे होता. तेव्हा मोनेच्या गुलाबी फुग्यांमध्ये नादारला केलेला नमस्कार शोधायचा मोह होतो. मी तो आवरते. बुलव्हारवर फुगेवाले असतच, आणि करड्या चित्राला एक गुलाबी ठिणगी हवी होती, एवढं कारण पुरतं.

आता फोटोग्राफीचा मुद्दा, कारण या चित्राबद्दल लिहिणारा जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो की मोनेने ही धूसर माणसं कॅमेऱ्यावरून घेतली. फोटोग्राफरच्या स्टुडिओतून काढलंय म्हटल्यावर तर्क हाताशीच असतो. पॅरिसच्या रस्त्याचा सगळ्यात प्रसिद्ध जुना फोटो म्हणजे दागेरने १८३८ मध्ये काढलेला बुलव्हार द्यु तांप्ल. वाहता रस्ता, पण फोटोत रिकामा. प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागायची, तेवढ्यात चालणारे सगळे पुसले गेले. उरला तो बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक माणूस, आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाला. पुढे १८६० च्या दशकापर्यंत प्लेट इतक्या जलद झाल्या की रस्त्यावरची माणसं दिसू लागली, पण पाय अजून विरघळलेलेच. असे फोटो तेव्हा पॅरिसभर विकले जात होते आणि मोनेने ते पाहिले नसतील असं मी म्हणणार नाही.

पण धंद्यातली म्हणून एक गोष्ट सांगते. शटर मंद ठेवलं की चालणारा माणूस फरफटतो, त्याच्या मागे एक शेपूट राहतं. इमारत, झाडाचा बुंधा, दिव्याचा खांब मात्र ठणठणीत, एकेक वीट मोजून घ्या. हलणारं आणि न हलणारं यांच्यातला हा फरकच मंद शटरची सही असतो. मोनेच्या चित्रात ती सहीच नाही. माणसांना शेपटं नाहीत, प्रत्येकजण आखूड, तुटक, जागच्या जागी. आणि इमारत? तीही तशीच. ग्राँ ओतेलच्या खिडक्या, गाड्यांची टपं, झाडं, सगळं एकाच हाताने थरथरवलेलं. कॅमेऱ्याला हे करता येत नाही, निदान १८७३ च्या कॅमेऱ्याला येत नव्हतं. हा शटरचा वेग नव्हे, नजरेचा आहे. वरून खाली बघणाऱ्याची नजर एका माणसावर टिकत नाही, ती या टोपीवरून त्या छत्रीवर, तिथून फुग्यांवर जाते. कुठेच पुरेशी थांबत नसल्यामुळे सगळंच अर्धवट दिसतं, दगडी हॉटेलसुद्धा.

बरं, या रस्त्यावरची गर्दी अशी सुखाने बघायची सोय नेहमीच नव्हती.

बरेच लोक याला ओसमानचा बुलव्हार म्हणून टाकतात. तसा तो नाही. १८५३ पासून १८७० पर्यंत ओसमानने पॅरिस चिरून रुंद रस्ते पाडले हे खरं, आणि ऑपेराच्या भोवतीचा चौक त्याच्याच काळातला. पण बुलव्हार दे कापुसीन त्या आधीचा, चौदाव्या लुईने शहराची जुनी तटबंदी पाडली त्या जागेवरच्या रस्त्यांपैकी एक. १८४८ मध्ये याच रस्त्यावर परराष्ट्र खात्याची कचेरी होती. २३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पंतप्रधान गिझो पायउतार झाल्याची बातमी पसरली आणि लोक मशाली घेऊन आनंदात बाहेर पडले. कचेरीपुढे सैनिकांनी रस्ता अडवला होता. कुठून तरी एक गोळी सुटली आणि पाठोपाठ सैनिकांनी सरसकट गोळीबार केला. पन्नासच्या आसपास माणसं मेली. त्यातले काही मृतदेह एका गाडीवर घालून मशालींच्या उजेडात शहरभर फिरवले गेले. दुसऱ्या दिवशी राजा लुई-फिलिप गादी सोडून गेला.

आणि मोनेच्या अगदी जवळचा काळ बघा. २२ मार्च १८७१. शहराचा ताबा घेतलेल्या नॅशनल गार्ड या बंडखोर नागरी फौजेच्या विरोधातला मोर्चा या बुलव्हारला अगदी लागून असलेल्या र्‍यू द ला पेमध्ये शिरला, व्हाँदोम चौकाच्या तोंडाशी नॅशनल गार्डने गोळ्या झाडल्या आणि दहा-बारा जण पडले. त्याच चौकातला नेपोलियनचा स्तंभ १६ मे रोजी कम्यूनने, म्हणजे बंडखोरांच्या शहर-सरकारने, दोरखंड लावून पाडला. त्यानंतरच्या आठवड्यात सरकारी फौजांनी शहर परत घेतलं तेव्हा मेलेल्यांची गणती हजारांत गेली. मोने युद्ध सुरू झाल्यावर लंडनला गेला होता, हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं नाही. तो नादारच्या गॅलरीत उभा राहिला तेव्हा तो पाडलेला स्तंभ पुन्हा उभारण्याचं काम चालू होतं आणि पॅरिसमधली लष्करी कायद्याची आणीबाणी अजून उठलेली नव्हती.

तेव्हा १८७४ मध्ये एखाद्या पॅरिसकराला वरून दिसणारा काळ्या ठिपक्यांचा जमाव काय काय आठवून देत असेल! मोनेने याबद्दल चित्रात अवाक्षर काढलेलं नाही. त्याची गर्दी कुठेच निघालेली नाही, तिच्या हातात झेंडा नाही, मागणी नाही. ती खरेदी करतेय, फिरतेय, गाडीची वाट पाहतेय. काही जण यात मोनेचा पळपुटेपणा बघतात. मी तितकी कडक होणार नाही, पण एक मात्र खरं की गर्दी 'सुंदर' दिसायला दोन गोष्टी लागतात: ती शांत हवी आणि आपण वर हवं.

वर कोण आहे, ते मोनेने लपवलेलंही नाही. चित्राच्या उजव्या कडेला, पटकन लक्षात येणार नाही अशा जागी, उंच काळ्या टोप्या घातलेले दोन पुरुष आहेत. तेही आपल्याच उंचीवर गॅलरीत वाकून खाली बघतायत, आणि चौकटीने त्यांना अर्धंच ठेवलंय. पूर्ण चित्रात ज्यांना काही आकार आहे अशी ही दोनच माणसं. खालच्यांना फटकारे आणि यांना खांदे. खालचे त्यांना बघत नाहीत. खालच्यांना आपण बघितले जातोय याची कल्पनाही नाही. मला हा भाग चित्रातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. बहुतेक वरून काढलेल्या चित्रांत आणि फोटोंत बघणारा गायब असतो, जणू देवच बघतोय. इथे मोने सांगून टाकतो की हे एका पैसेवाल्या इमारतीतून, टोपी घातलेल्या पुरुषांच्या शेजारून दिसणारं पॅरिस आहे.

पुरुषांच्या, यावर थोडा जोर देते. त्या प्रदर्शनात सहभागी झालेली बर्थ मोरिझो ही मोनेच्याच वर्षभर मागची-पुढची, त्याच वकुबाची चित्रकार. १८७१-७२ मध्ये तिनेही गॅलरीतून दिसणारं पॅरिस रंगवलंय. तिच्या चित्रात काळ्या पोशाखातली एक बाई आणि एक लहान मुलगी कठड्याशी उभ्या आहेत आणि शहर लांब, पार क्षितिजाशी, सपाट. तिच्या घराण्यातल्या बाईने एकटीने बुलव्हारवर रमतगमत फिरावं हे त्या काळात बसणारं नव्हतं. तिथे गॅलरी म्हणजे फिरून दमल्यावर येऊन टेकायची जागा नाही, गॅलरी हीच हद्द. मला आमच्या धंद्यातल्या गच्च्या आठवतात आणि मोरिझोच्या कठड्याचे गज जरा जास्तच ठळक दिसायला लागतात.

याच्या आधी, १८६२ मध्ये, एदुआर मानेने तुइलेरी बागेतली गर्दी रंगवली होती. बँड ऐकायला जमलेले लोक, बँड चित्रात कुठेच नाही. तिथे गर्दी म्हणजे ओळखीपाळखीचे लोक: बोदलेर आहे, संगीतकार ऑफेनबाख आहे, मानेचा भाऊ आहे, अगदी डाव्या कडेला खुद्द माने आहे. लग्नातल्या ग्रुप फोटोसारखं बोट ठेवून नावं सांगता येतात. १८६३ मध्ये ते चित्र लागलं तेव्हाही लोक चिडले होते, पण ती चीड मला फार रंजक वाटत नाही. मानेची गर्दी जमिनीवरून, ओळखीच्या माणसाने पाहिलेली आहे. अकरा-बारा वर्षांत मोनेने ती ओळखच काढून टाकली.

कायबोतने उलट टोक गाठलं. १८८० मध्ये त्याने गॅलरीतून सरळ खाली, जवळजवळ काटकोनात बघून एक चित्र काढलं: झाडाच्या बुंध्याभोवतीची गोल लोखंडी जाळी, एक बाक, दोन-चार माणसं, एका गाडीचा तुकडा. आकाश नाही, क्षितिज नाही. पहिल्यांदा पाहिलं की पोटात गोळा येतो. फोटोग्राफर म्हणून मला ते मोनेपेक्षा धीट वाटतं. पण त्यात गर्दी उरत नाही, नक्षी उरते.

गर्दीच्या बाबतीत मोनेच्या जवळ कुणी गेलं असेल तर तो कामिय पिसारो, आणि त्याला २३ वर्षं लागली. १८९७ च्या फेब्रुवारीत त्याने र्‍यू द्रुओच्या कोपऱ्यावरच्या ग्राँ ओतेल द र्‍युसीमध्ये एक मोठी खोली घेतली. साठी ओलांडलेली, एका डोळ्याचं दुखणं जुनं, वाऱ्या-धुळीत उघड्यावर काम करायची डॉक्टरांची मनाई. शेतं आणि सफरचंदाच्या बागा रंगवत आयुष्य घालवलेल्या माणसाला खिडकीत बसावं लागलं. त्या खिडकीतून त्याने एप्रिलपर्यंत बुलव्हार मोंमार्त्रची १४ चित्रं काढली: धुक्यात, पावसात, उन्हात, मार्दी ग्रा या कार्निव्हलच्या मिरवणुकीत. एका पत्रात तो मुलाला लिहितो की गाड्या, बस, माणसं, मोठी झाडं, मोठी घरं हे सगळं वरून पाहून नीट उभं करायचं म्हणजे किचकट काम आहे. पिसारो विचाराने अराजकवादी. मिरवणुकीच्या चित्रात झाडांवर लटकलेल्या कागदी फिती आणि खाली ठासून भरलेली माणसं बघताना त्याच्या मनात काय चाललं असेल याचं मला कुतूहल आहे.

त्या चौदांतलं एकच चित्र रात्रीचं. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रस्त्याच्या मध्यातून विजेच्या नव्या दिव्यांची थंड पांढरी रांग जाते, दुकानांच्या काचांतून गॅसचा पिवळा उजेड येतो, कडेला उभ्या असलेल्या भाड्याच्या गाड्यांचे तेलाचे दिवे नारिंगी. तीन इंधनं, तीन रंग. कुठल्या दिव्यात काय जळतंय हे रंगावरून ओळखू यावं असं काम. पावसाने ओला झालेला रस्ता ते सगळं खाली दुप्पट करतो, आणि माणसं? जवळजवळ नाहीशीच. पिसारोने त्यावर सही केली नाही आणि हयातीत कुठे लावलंही नाही.

मधे, १८९५ च्या २८ डिसेंबरला, बुलव्हार दे कापुसीनवरच १४ नंबरला ग्राँ काफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी पैसे घेऊन पहिल्यांदा सिनेमा दाखवला. तिकीट इथेही १ फ्रँक. आले ३३ जण. त्यांनी पाहिलेला पहिला तुकडा म्हणजे कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारे कामगार. थोडक्यात, गर्दी. या वेळी तिला पाय होते, चेहरे होते आणि ती खरोखर चालत होती. लरुआच्या म्हाताऱ्याला ते चाललं असतं. मला मात्र त्या कामगारांच्या पोटात मोनेच्या ठिपक्यांइतकी घाई दिसत नाही.

शेवटी एक वाद राहतो, आणि मला त्यात पडायला आवडतं. दोन चित्रांपैकी १८७४ मध्ये ९७ नंबर म्हणून कुठलं लागलं होतं? मॉस्कोचं की कॅन्ससचं? यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. कॅटलॉगमध्ये नुसतं रस्त्याचं नाव, ना माप ना ऋतू. लरुआचे काळे डाग दोन्हीकडे आहेत, त्यामुळे तो काही कामाचा नाही. पण त्याच प्रदर्शनावर एर्नेस्त शेनो याने मे महिन्यात 'पारी-जुर्नाल'मध्ये लिहिलं होतं. रस्त्याची विलक्षण हालचाल, फूटपाथवरची माणसांची वळवळ, निसटता क्षण इतक्या ताकदीने आजवर कुणी पकडला नव्हता, असं तो म्हणतो. लगेच हेही सांगतो की जवळ गेलात तर सगळं नाहीसं होतं आणि पॅलेटवरून खरवडलेल्या रंगांचा गोंधळ उरतो, तेव्हा आता याचं पक्कं चित्र करायला हवं. कौतुक आणि कानउघाडणी एका दमात. माझ्या कामाचं आहे ते मधलं एक वर्णन: बुलव्हारची झाडं त्याला धुळीत आणि उजेडात हलताना दिसली.

धूळ आणि उजेड. मी पाहिलेल्या उभ्या चित्रात मळकट आकाश आहे, गारठा आहे, ओलसर पांढरी जमीन आहे. तिथे धूळ उडेल कुठून? मॉस्कोच्या आडव्या चित्रात मात्र रस्त्याचे दोन भाग पडलेत, एक निळ्या सावलीत आणि दुसरा नारिंगी उन्हात न्हालेला. माझं मत मॉस्कोला. आवडतं मात्र कॅन्ससचंच, आणि त्या दोन टोपीवाल्यांना तिथे जाऊन पुन्हा एकदा बघायचंय.